दाजींचा काटकोन

सरांना शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या चुका काढण्यातून ते अजून निवृत्त झाले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली. उत्तर बरोबर, रीत बरोबर, पण आकृतीतला कर्ण पट्टीने न काढता हाताने ओढलेला, की अर्धा गुण कापायचा, असा त्यांचा नेम होता. पोरं पाठीमागे त्यांना ‘अर्धा गुण’ म्हणत. सरांना हे ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं. लोकांना नुसतं आडनावाने ओळखतात, आपल्याला मापाने ओळखतात, एवढा फरक त्यांना पुरेसा वाटे.

घरातही हाच कारभार. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर ते जेवता जेवता उठत. बायको शिवणाचे वर्ग घेई. बाहेरच्या खोलीत सहा मशीन, आतल्या खोलीत कापडांचे गठ्ठे, आणि कापायला म्हणून जेवणाचं टेबल. सरांच्या ताटाशेजारी कुणाची तरी अर्धी बाही पडलेली असे. शेवटी मागच्या मोकळ्या जागेत चार मीटर रुंद आणि सहा मीटर लांब अशी शिवणाची खोली बांधायचं ठरलं. कुणाकडून बांधायची, हे मात्र बायकोने परस्पर ठरवलं. तिचा धाकटा भाऊ मिस्त्री होता.

या भावाला घरात ‘बारक्या’ म्हणत. वय अठ्ठेचाळीस, वजन नव्वद किलो, मिशा अर्ध्या पांढऱ्या. पण तो पाळण्यात असताना ठेवलेलं नाव कुणाला बदलावंसं वाटलं नव्हतं. आठवीत शाळा सोडलेली. त्यावर सरांचा एक ठरलेला विनोद होता, आणि नातेवाईक चारपेक्षा जास्त जमले की तो निघेच. “पायथागोरसचं प्रमेय फळ्यावर आलं, आणि आमचे मेहुणे खिडकीतून बाहेर गेले.” बारक्याही सगळ्यांबरोबर हसे. बहिणीच्या लग्नापासूनच्या सव्वीस वर्षांत तो या विनोदावर निदान चाळीस वेळा हसला होता, आणि एकदाही कमी हसला नव्हता.

या वेळी मात्र नुसत्या खोलीचा प्रश्न नव्हता. सरांच्या जुन्या शाळेला वाचनालयाची इमारत बांधायची होती. मुख्याध्यापिकाबाई सरांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकवून मग त्यांच्या डोक्यावर गेलेल्या. त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्याकडचं काम बघते, मग ठरवते. भिंती खिडकीपर्यंत आल्या की सांगा.” बारक्याने आजवर कुंपणं, पायऱ्या, न्हाणीघरं बांधली होती. बरंचसं काम दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर. अख्खी इमारत स्वतःच्या नावावर कधीच नाही. त्याने बहिणीला एकदाच सांगितलं होतं, “ताई, हे मिळालं ना, तर मी कुणाच्या हाताखालचा राहणार नाही.” तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, “बघू. भिंत खोटं बोलत नाही.”

आखणीच्या दिवशी बायको कापड आणायला बाहेर गेली होती. बारक्या आणि त्याचा जोडीदार लांबू सकाळी आठलाच आले. लांबू पन्नाशीचा, बांबूसारखा, आणि दिवसाला साधारण वीस शब्द बोलणारा. त्यांतले पाच-सहा ‘हो’मध्येच जात.

घराची मागची भिंत हा पाया धरायचा आणि तिच्याशी काटकोनात नवी भिंत निघायची. त्यासाठी दोरी आणि टेप एवढंच लागतं. कोपऱ्यापासून घराच्या भिंतीवर तीन मीटरला एक खूण, नव्या भिंतीच्या दिशेने चार मीटरला एक खुंटी. खूण आणि खुंटी यांच्यातलं अंतर बरोबर पाच भरेपर्यंत खुंटी डावी-उजवी सरकवायची. पाच भरलं की कोपऱ्यात काटकोन झाला. हे सर फळ्यावर चौतीस वर्षं सांगत आले होते, आणि बारक्या जमिनीवर तीस वर्षं करत आला होता. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी कधी चर्चा केली नव्हती.

बारक्याने खुंट्या ठोकल्या, तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर विटांची गाडी आली. “लांबू, थांब इथं. गाडी उतरवून घेतो,” म्हणून तो गेला.

सर तेवढ्यासाठीच सपाता घालून मागच्या दारात उभे होते.

“कोन काढला?”

“हो.”

“कशाने?”

“टेपने.”

“ते दिसतंय. तपासला कुणी?”

लांबूने पुढच्या रस्त्याकडे बघितलं. तिकडून बारक्याचा आवाज ऐकू येत होता. तो गाडीवाल्याला विटांच्या तुटक्या कडा दाखवत होता.

“काढ त्या खुंट्या,” सर म्हणाले. “मी घेतो माप. तू फक्त टोक धर.”

“सर, आमचं कसं असतं—”

“अरे, तीन-चार-पाच तू मला शिकवणार? कोपऱ्यात धर, घट्ट.”

लांबूचे त्या दिवसाचे बरेच शब्द तसेही संपत आले होते. त्याने कोपऱ्यात टेप धरला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांना माहीत नव्हती. टेपच्या टोकाला पत्र्याची आकडी असते. ती वापरून वापरून सैल होते, वाकते, मागे-पुढे हलते. बारक्याच्या पहिल्या टेपची तर आकडी आणि पुढचे आठ सेंटिमीटर ट्रकखाली जाऊन गेलेच होते. तेव्हापासून त्याच्या कामावर टोकापासून कुणी मोजत नसे. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर बोट धरायचं आणि तिथून मोजायचं. तीन मीटर हवे असतील तर तीन दहा, म्हणजे तीन मीटर दहा सेंटिमीटर वाचायचे, चार हवे तर चार दहा. टेप नवा आणला तरी हीच रीत. इतकी अंगवळणी पडलेली, की ‘दहाला धर’ असंही आता कुणी म्हणत नसे. लांबूचा अंगठा आपोआप दहावर जाई. टेपचा बाकीचा तुकडा त्याच्या मुठीत गडप होई.

सरांनी दुसरं टोक हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, तीन मीटरच्या रेघेवर घराच्या भिंतीला लाल पेन्सिलीने खूण केली आणि खाली तारीख घातली. चारला खुंटी. मग लांबूला टोक लाल खुणेवर धरायला लावून खुंटी सरकवत सरकवत पाच. बरोबर पाच. केसभरही इकडे-तिकडे नाही. बारक्याच्या आधीच्या खुंटीच्या भोकापासून सरांची खुंटी बऱ्यापैकी बाजूला गेली होती. सरांनी ते बघितलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

बारक्या परत आला तेव्हा नव्या खुंट्या आणि जुनी भोकं दोन्ही त्याच्या समोर होती.

“दाजी, तुम्ही काढलात कोन?”

“काढला. तुझा चुकला होता. बघ ते भोक कुठे आहे.”

बारक्याने भोक बघितलं. खुंटी बघितली. खिशातला टेप हातात घेतला, आणि पुन्हा खिशात टाकला.

“दाजींनी काढलाय म्हणजे झालं,” तो म्हणाला, आणि पाया खणायला घेतला.

पुढचे अडीच आठवडे सर कामावर देखरेख करत होते. कुणी त्यांना ती सांगितली नव्हती. खुर्ची घेऊन ते मागच्या दारात बसत. विटेच्या सांध्यात सिमेंट जास्त, पाणी कमी, दोरी ढिली, लांबू सावकाश. रोजचे दहा-बारा शेरे होत. बारक्या “हो दाजी” म्हणे. बायको आतून ओरडे, “अहो, त्याला काम करू द्या, नाहीतर खोली पुढच्या जन्मी होईल.” सर म्हणत, “मी आहे म्हणून ती या जन्मी सरळ होतेय.”

भिंती खिडकीच्या खालच्या पातळीपर्यंत आल्या. समोरासमोरच्या भिंती मापाने तंतोतंत सारख्या होत्या. चारला चार, सहाला सहा. सरांनी स्वतः मोजल्या, स्वतःच्या टेपने. शाळेच्या क्रीडास्पर्धांचा तो तीस मीटरचा टेप निवृत्तीच्या दिवशी चुकून त्यांच्या पिशवीतून घरी आला होता. त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून बुधवारची वेळ ठरवली.

शनिवारी सकाळी बायको नवी खोली बघायला आली, ती हातात एल-पट्टी घेऊनच. कापडावर काटकोन आखायची ती लाकडी पट्टी. एक हात साठ सेंटिमीटर. कापायचं मोठं टेबल कोपऱ्यात बसेल का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने एक हात घराच्या भिंतीला टेकवला. दुसरा हात नव्या भिंतीला टेकेना. टोकाशी करंगळी जाईल एवढी फट राहिली.

“बारक्या,” ती म्हणाली, “ही भिंत पळून चाललीय.”

बारक्या आला. पट्टी बघितली, फट बघितली. मग खोलीचे दोन्ही कर्ण घेतले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एक सात मीटर सत्तावीस, दुसरा सात पंधरा. बाजू सगळ्या बरोबर आणि खोली तिरकी. जोरात ढकललेल्या चौकटीसारखी.

“माझाच कोन चुकला, ताई,” तो म्हणाला.

“अरे, पण चुकला कसा? कुंपणाच्या भिंतीसुद्धा तू दोनदोनदा मोजतोस!”

“चुकला. पाडून परत बांधतो. त्याची मजुरी धरू नकोस.”

सर दारात उभे होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आपली खुंटी आठवलीसुद्धा नाही. आठवली ती दुपारी, आणि तेव्हाही त्यांचं मन साफ होतं. खुंटी तीन-चार-पाचला होती. तीन-चार-पाचला काटकोन होतो. न व्हायला तो काही हवामानाचा अंदाज नव्हे. तेव्हा खुंटीवरून भिंत वर नेताना या लोकांनी दोरी सरकवली असणार. सरांनी जेवताना तसं बोलूनही दाखवलं.

“मी काढून दिलेला कोनसुद्धा यांना सांभाळता आला नाही.”

बायकोचा हात थांबला. “तुम्ही काढून दिला होता?”

“सहज. मदत म्हणून.”

“मग तो तसं का बोलला नाही?”

“कशाला बोलेल? चूक त्याचीच आहे.”

बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, “शाळेला मीच सांगते, दुसरा माणूस बघा म्हणून. बुधवारी बाई आल्या की मीच बोलेन. तुम्ही बोललात तर त्याला जास्त लागेल.”

सर म्हणाले, “तुझी मर्जी.” पण त्या रात्री झोपेपर्यंत त्यांनी दोनदा तरी स्वतःशी म्हटलं, की भिंत खोटं बोलत नाही.

रविवारी कामाला सुट्टी होती, बायको गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला गेली होती. सर क्रीडास्पर्धांचा टेप घेऊन एकटेच मागे गेले. दोरी नेमकी कुठे सरकली ते त्यांना कागदावर मांडायचं होतं, म्हणजे पुढे कुणाला सांगायला बरं. लाल पेन्सिलीची खूण भिंतीवर तशीच होती, तारखेसकट. खुंटीही जागेवर होती. लांबू गिलावा होईपर्यंत खुंट्या उपटत नसे. आणि नवी भिंत खुंटीतल्या खिळ्याला अगदी चिकटून गेली होती. दोरी सरकलीच नव्हती.

सरांनी कोपऱ्यात खिळा ठोकून टेप अडकवला. कोपऱ्यापासून लाल खुणेपर्यंत दोन मीटर नव्वद.

त्यांनी पुन्हा मोजलं. दोन नव्वद. खुंटी तीन नव्वदला. खुणेपासून खुंटीपर्यंत चार नव्वद.

सर विटांच्या ढिगावर बसले. खुणा चालत जात नाहीत, निदान एकाच मापाने तिघी मिळून तर नाहीच नाही. त्यांच्या डोक्यात आकडे आपोआप उभे राहिले, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरांसारखे हात वर करून. एकोणतीसचा वर्ग आठशे एक्केचाळीस. एकोणचाळीसचा पंधराशे एकवीस. बेरीज तेवीसशे बासष्ट. एकोणपन्नासचा वर्ग चोवीसशे एक. कर्ण मोठा झाला होता, एकोणचाळीसने. कर्ण मोठा म्हणजे समोरचा कोन मोठा. काटकोन नव्हताच तो. एक्याण्णव अंश.

आणि गंमत अशी, की हाच प्रश्न त्यांनी सहामाहीला कितीदा घातला होता. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंतून सारखीच लांबी वजा केली, तर उरलेला त्रिकोण काटकोन राहील का? कारण द्या. गुण दोन. निम्मा वर्ग ‘राहील, कारण सगळ्यांतून सारखंच गेलं’ असं लिहून भोपळा घेई. तिन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणा, भागा, कोन हलत नाही. वजा केलं की गेला. सर पेपर परत देताना म्हणत, “सगळ्यांना सारखं कापलं म्हणजे न्याय होतो असं नाही, लहान्याला जास्त लागतं.”

सोमवारी भिंती पाडायला सुरुवात झाली. बारक्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी छिन्नी घेऊन बसला होता. सरांनी लांबूला घरामागच्या नळापाशी गाठलं.

“तू त्या दिवशी टेप कुठे धरला होतास?”

“कोपऱ्यात.”

“टेपचं काय धरलं होतंस?”

“दहा.”

“दहा म्हणजे?”

लांबूने मूठ करून अंगठा दाखवला. मग बराच मोठा, त्याच्या हिशेबाने दोन दिवसांचा, ऐवज एकदम खर्च केला. “आम्ही दहालाच धरतो, सर. वाचणारा दहा जास्त वाचतो.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगत होतो. तुम्ही म्हणालात, तू मला शिकवणार?”

सरांनी उगाच नळ बंद केला. तो बंदच होता.

“मिस्त्रीला सांगितलंस हे?”

“त्यांना शनिवारीच कळलं. फट बघितली आणि मला म्हणाले, दहा. मी म्हटलं, हो.”

“आणि?”

“म्हणाले, ताईसमोर तोंड उघडलंस तर दुसरं काम बघ.”

सर घरात गेले. मेहुण्याने आपल्यावर उपकार करावा, आणि तोही न सांगता, न बघता, ‘हो दाजी’ म्हणावं तितक्या सहज, हे त्यांना फार बोचलं. ओरडला असता, चारचौघांत हिशेब मागितला असता, तर त्यांनी त्याची रीत कशी अशास्त्रीय आहे ते अर्धा तास समजावून सांगितलं असतं. गप्प बसलेल्या माणसाला काय समजावणार?

दोन दिवस त्यांनी वाटा शोधल्या. संध्याकाळी बायकोला म्हणाले, “एक अंशाने तसं काय बिघडतं गं? पाडायची तरी कशाला?”

“एक अंश? मी कापड एक अंश तिरकं कापलं तर झगा एका बाजूने गुडघ्यावर आणि दुसऱ्या बाजूने पोटरीवर येईल.”

“खोली कोण अंगात घालतंय?”

“टेबल कोपऱ्यात बसत नाही. फरशी शेवटच्या रांगेत पाचर कापून बसवावी लागेल. आणि तुम्ही म्हणताय हे? तुम्ही? कॅलेंडरासाठी ताटावरून उठणारे?”

सरांनी वाट बदलली. “शाळेला तू इतक्यात काही सांगू नकोस. सांगायचं तर मग बघू.”

“का? तुम्हीच म्हणाला होतात, भिंत खोटं बोलत नाही.”

वाट तिथेच संपली.

बुधवारी साडेचारला मुख्याध्यापिकाबाई आल्या, शाळेतून थेट, हातात छत्री आणि पिशवी. मागच्या दारातून बाहेर पडल्या आणि थांबल्या. दोन्ही लांब भिंती जमिनीलगतच्या थरापर्यंत उतरलेल्या. समोरची एका टोकाला कापलेली. बारक्या जुन्या विटांना चिकटलेलं सिमेंट तासत होता.

“मला वाटलं बांधकाम बघायला बोलावलंय,” बाई म्हणाल्या. “हे पाडकाम आहे.”

सरांच्या बायकोने तोंड उघडलं, पण त्याआधी बारक्या उभा राहिला. हात पँटला पुसले. “मॅडम, कोन चुकला माझा. दहा सेंटिमीटर बाहेर गेली भिंत. खालचं काँक्रीट रुंद आहे, ते फरक पोटात घेईल. वरचं पाडून परत घेतोय.”

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरून वाचनालयाची इमारत हळूच दुसऱ्या कुणाकडे निघालेली दिसली. मग सरांकडे वळून त्या हसल्या. “तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही, सर. अजून अर्धा गुण कापताच.”

असं कौतुक सरांना गेल्या चार वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं, आणि ते ऐकणं त्यांना गोड लागलं, हेही इथे नोंदवलं पाहिजे. बायको सरांकडे बघत होती. बारक्या कुणाकडेच बघत नव्हता; त्याने विटेला चिकटलेलं काहीतरी नखाने काढायला घेतलं होतं.

“बाई,” सर म्हणाले, “तो कोन मी काढला.”

“म्हणजे?”

“यांनी काढलेला बरोबर होता. तो मी उपटून टाकला आणि माझा घातला. माझा चुकला.”

बोलल्यावर सरांना गप्प राहवेना. त्यांनी विटेवर पेन्सिलीने त्रिकोण काढला, दहाची रीत सांगितली, वर्ग मांडले, सारखी वजाबाकी का चालत नाही ते समजावलं, आणि दोन गुणांच्या प्रश्नापर्यंत आले. बाईंनी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं होतं. त्यांना मधे तोडणं जमेना. शेवटी सर थांबले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं. आपण खरं बोललो, त्यामुळे मेहुण्याचं काम मार्गी लागलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बाई बारक्याकडे वळल्या. “मिस्त्री, एरवी तुम्ही कोन तपासता का?”

“रोज. दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय पहिली वीट ठेवत नाही.”

“मग या वेळी?”

“दाजींनी काढला होता ना.”

“संशय आला होता?”

बारक्याने हातातली वीट खाली ठेवली. “खुंटी लांब गेलेली दिसली होती.”

“तरी तपासला नाहीत.”

“दाजींचा कोन कसा तपासणार, मॅडम? बरं दिसलं असतं का?”

“आमच्याकडे चौतीस शिक्षक आहेत,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण वर्गातला होता. “शिवाय समिती. बांधकाम सुरू झालं की रोज एकेक जण येणार आणि तुमच्या खुंट्या हलवणार. त्यांतला प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा दाजी असतो. तुम्ही सगळ्यांना ‘बरं’ म्हणालात तर माझं वाचनालय कुठल्या दिशेला उभं राहील? कोन चुकला ते जाऊ द्या. त्याला कारण आहे. पण न तपासता बांधणाऱ्याला मी काम कसं देऊ?”

सरांचा हिशेब चुकला होता. आणि या वेळी कुणी दहाला धरलेलंही नव्हतं. खरं बोलून त्यांनी मेहुण्याला आणखी खोल ढकललं होतं. बायकोच्या डोळ्यांत काय होतं ते बघायचं धाडस त्यांनी केलं नाही. त्यांनी एकदम लांबूच्या हातातला टेप ओढून घेतला.

“थांबा, बाई, थांबा. आत्ता तुमच्यासमोर कोन काढून दाखवतो. लांबू, धर. दहाला धर, हवं तर. मी तीन दहा वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे—”

“दाजी,” बारक्या म्हणाला.

“हे बघ, चार दहाला खुंटी ठोक तू, मी इकडे—”

“दाजी, टेप द्या इकडे.”

सर वाकलेले होते, ते तसेच राहिले.

“आणि बाजूला व्हा. माझ्या दोरीवर पाय आहे तुमचा.”

सव्वीस वर्षांत बारक्या त्यांच्याशी असं कधी बोलला नव्हता. आवाजात राग नव्हता. आडवी आलेली बादली बाजूला करावी तसा तो म्हणाला. सरांनी खाली बघितलं. पाय खरंच दोरीवर होता. त्यांनी तो उचलला, टेप दिला आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. लांबूचा अंगठा दहावर गेला. तीन दहाला नवी खूण, चार दहाला खुंटी, पाच दहाला जुळेपर्यंत दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे. दोरी ताणली, पुढचे कोपरे धरले. मग कर्ण. लांबूने हाक दिली, “सात एकतीस.” दोघे उलट कोपऱ्यांवर गेले. “सात एकतीस.”

“दहा वजा,” सर भिंतीपाशी पुटपुटले. “सात एकवीस. बरोबर आहे.”

बारक्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो टेपचं टोक घेऊन बाईंसमोर उभा राहिला. “तुम्ही धरून बघा, मॅडम. माझ्या शब्दावर जाऊ नका.”

बाईंनी छत्री आणि पिशवी सरांच्या बायकोकडे दिली, साडीचा पदर खोचला, आणि दोन्ही कर्ण स्वतः वाचले. एकदा अडखळल्या, पुन्हा वाचले. मग सरळ उभ्या राहून हात झटकले.

“सोमवारी अकराला शाळेत या,” त्या म्हणाल्या. “नकाशा घेऊन बसू. आणि समितीतलं कुणी खुंटीला हात लावायला आलं, तर हे दोरीचं वाक्य त्यांनाही ऐकवा.”

“हो, मॅडम.”

“आणि ‘हो’ जरा कमी म्हणा.”

बारक्याला यावरही ‘हो’च म्हणायचं होतं. ते त्याने गिळलं. बहीण हसली, आणि मग पिशवी-छत्री सावरत बाईंना चहाला आत घेऊन गेली.

सर भिंतीपाशीच होते. बारक्याने पहिल्या थराचं सिमेंट पसरायला घेतलं. सर दोन पावलं पुढे आले, सिमेंटकडे बघून काहीतरी बोलणार होते, आणि थांबले. तेवढ्यात लांबू विटांची पाटी घेऊन आला. वाट अरुंद होती. सर बाजूला सरकले, आणि तो पुढे गेल्यावरही तिथेच उभे राहिले.